बाकाचं म्हणणं

ती. हिल्माताईस,

धाकट्या ओस्मोचा नमस्कार. गुडघा कसा आहे? लेकीकडे सौनाच्या गरम वाफेत बसून रोज शेकतेस ना? इकडे सगळे ठणठणीत (माझी पाठ सोडून). तुझ्या घरातल्या झाडांना नेमानं पाणी घालतो आहे.

तुझी लाडकी सायमी, माझी नात, परवा पीएच.डी. होऊन डॉक्टर झाली. माझ्यामुळेच! (बुडायची वेळ आली तीही माझ्यामुळेच.) तिच्या प्रबंधाचं म्हणणं तुला ठाऊक आहे : शाळेत कोण मागे राहतं हे माणसंच ठरवत नाहीत, बाक, ओले हातमोजे, स्की, सगळ्यांचा त्यात हात असतो. मी ग्रंथालयातून जाडजाड पुस्तकं आणून वाचली. झोप फार आली, पण मुद्दा पटला. माझी कॉफीची किटली तरी कुठे माझं ऐकते? पुरावा म्हणून तिनं बंद पडलेल्या गावशाळेतला बाक तोंडी परीक्षेच्या सभागृहात ठेवायचं ठरवलं. स्की नसलेली पोरं स्कीच्या दिवशी ह्याच बाकावर बसून राहायची. त्यात तीही होती.

आता परीक्षेला परदेशचा पाहुणा येणार आणि बाक असा मळकट! मी आदल्या दिवशी गुपचूप बसायच्या दोन्ही फळ्या निळ्या रंगवल्या. (डब्यावर ‘लवकर वाळतो’ असं लिहिलं होतं. आपल्या सरपणाच्या खोपटातली थंडी डब्याला काय ठाऊक!)

परीक्षक नॉर्वेचे प्रोफेसर तोर्गेर्सन. रिवाजाप्रमाणे मागे लांब शेपटी असलेला काळा कोट घातलेला. (त्यांची बॅग विमानतळावरच राहिली, कोटाची सोय झाली.) म्हणाले, “अहो, बाक काय करणार? हा बघा, बसलो. केलं काही?” आणि बसूनच प्रश्न विचारत राहिले. उठले तेव्हा चर्रर्र आवाज, आणि मागे दोन निळे पट्टे! सायमी पांढरीफटक. तिनं बाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “सर, तुम्ही नुसते बसलात. आता दिवसभर सगळे तुमच्या मागे बघणार. आम्हा पोरांचंही असंच व्हायचं.”

तोर्गेर्सन मान वळवून वळवून आपली शेपटी बघत होते. मग खो खो हसले. “बाकाचं म्हणणं मान्य!”

शेवटी रिवाजाप्रमाणे सायमीनं सभेला विचारलं, माझ्या प्रबंधाला कुणाची हरकत? मी कबुली द्यायला उठणार, तोच तिनं असे डोळे वटारले की मीही खुर्चीला चिकटलो.

तुझा,
ओस्मो

ता. क. : झाडांना पाणी घालताना तुझं कपाट आपसूक उघडलं. (वस्तूही काही करतात, हे वर लिहिलंच आहे.)

ता. क. २ : कोट आपल्या भावोजींचा, तुमच्या लग्नातला. लोकरीवरचा निळा रंग कशानं जातो, ते उलट टपाली कळव.

ता. क. ३ : सायमी म्हणते, घालवू नका, तो कोट ती वर्गात टांगणार आहे. तेव्हा आलीस की आधी तिला जवळ घे, मग माझ्याकडे बघ. बाक पाठीवरून घरी आणून तुझ्यासाठी दारात ठेवला आहे. रंग वाळला आहे. (बहुधा.)