गिरणीचा खुलासा

४ फेब्रुवारी १९२९

पुण्याच्या साप्ताहिकात आमच्या गिरणीवर छापून आलंय — गोदामात धोतरजोड्या पडून आहेत, यंदा शेअरवाल्यांना नफा वाटायचा नाही. लिहिणाऱ्याने सोलापूर कधी पाहिलंय तरी का?

माझे दहा शेअर, काशम्माचे पाच. धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच असते. मीच तिच्या पाटल्या मोडायला लावून शेअर घेऊन दिले. निर्धास्त राहा, म्हटलं. "बरं, अण्णा," म्हणाली.

७ फेब्रुवारी

गिरणी गप्प. गुरुबसप्पा तेलवाला दुकानात येऊन बसला. त्याचेही चार शेअर आहेत. म्हणतो, "हत्ती चालला की कुत्री भुंकत्यातच. उत्तर देत न्हाईत म्हणजे दम हाय की."

पटलं.

११ फेब्रुवारी

गिरणीने उत्तर दिलं! अर्धा रकाना खुलासा. संपादक मत्सरी आहे, मालक अब्रूदार घराण्यातले आहेत, नव्या धुराड्याचा पाया लवकरच घालणार. शेअरवाले जमले होते, मी मोठ्याने वाचून दाखवला. गुरुबसप्पा म्हणाला, "दम हाय म्हणून तर उत्तर दिलं."

हेही पटलं.

काशम्मा आतून ऐकत होती. जेवताना विचारते, "धोतरांचं काय लिवलंय, अण्णा?" म्हटलं, एवढा मोठा मालक धोतरं मोजत बसेल का? अब्रूचं बोलला, त्यात सगळं आलं. बायकांना व्यवहारातलं समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१३ फेब्रुवारी

भाव घसरलाय. भित्रे विकतायत — विकू देत. दलाल तिप्पण्णाला सांगून ठेवलं, येतील तेवढे माझ्यासाठी घे. दुकान वाढवायला ठेवलेले पैसे त्याच्या हवाली केले. मन अगदी प्रसन्न आहे.

१६ फेब्रुवारी

पाच मिळाले. ज्याने कुणी विकले त्याची कीव येते. वर्षभराने कपाळ बडवून घेईल.

१९ फेब्रुवारी

तिप्पण्णाला सहज विचारलं, ते पाच कुणाचे होते? इकडेतिकडे बघत म्हणाला, "तुमच्या काशम्मांचे. अण्णाला सांगू नका म्हनल्या."

संतापून घरी आलो, नको ते बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमीच घेतले व्हय? मला ठावं न्हवतं हो." आत गेली, पैशांचं गाठोडं आणून माझ्यापुढे ठेवलं. "हे घ्या. शेअर माझे मला परत द्या."

"नको," मी म्हटलं.

गिरणीवर माझा विश्वास असता तर दिले असते.