मातोश्रींना डॉल्फिन इमारतीतून हलविण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक (मनुष्यबळ व कर्मचारी निवास),
लाटांगण मनोरंजन उद्यान,
बोईसर–तारापूर रस्ता, ता. व जि. पालघर.

अर्जदार : कु. हेतल पुंडलिक तामोरे, रा. मुरबे. हल्ली मुक्काम डॉल्फिन इमारत, खोली क्र. ७. हंगामी कर्मचारी, लाटांचा तलाव.

विषय : माझ्या मातोश्रींना कर्मचारी निवासातून तातडीने घरी पाठविण्याबाबत.

संदर्भ : निवास नियमावलीतील 'नातेवाइकांची भेट' हा नियम. (तोंडी विनंती अनेकदा केली आहे. परंतु ती मातोश्रींनाच केली असल्याने उपयोग झाला नाही.)

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय निवेदन करते की, मी या उन्हाळी हंगामात आपल्या उद्यानात लाटांच्या तलावावर सुरक्षा मदतनीस म्हणून रुजू झाले. ही माझी पहिलीच नोकरी आहे. गुडघाभर पाण्यात उभे राहायचे आणि लाल रेषेपुढे कोणी गेले की शिट्टी वाजवायची, असे कामाचे स्वरूप आहे. उद्यान बंद होईपर्यंत मुरब्याची शेवटची एसटी निघून जाते, म्हणून कर्मचारी निवासात राहणे भाग आहे, असे मी घरी सांगितले. आपणांस मात्र खरे सांगते. नोकरी मला निवासासाठीच हवी होती.

२. आमच्या घरात मी कोपऱ्यात एकटी बसले तरी "काय झालं हिला?" असे विचारायला माणसे गोळा होतात. डॉल्फिन इमारतीत मला वरचा पलंग मिळाला व त्याला पडदा होता. खोलीत तिकीट खिडकीवरील हिमानी आणि झुकझुक गाडीवरील नवसी अशा दोघी आहेत. नवसी जव्हारकडच्या डोंगरातली, फार बोलत नाही. चौथा पलंग रिकामा होता, याची कृपया नोंद घ्यावी. पहिल्या संध्याकाळी मी जेवलेच नाही. भूक होती. परंतु "जेवलीस का?" असे विचारणारे कोणी नाही ही गोष्ट इतकी नवीन होती की ती मोडावीशी वाटेना. मग हिमानीच्या केटलीत मॅगी केली आणि पाय पसरून, पडदा लावून खाल्ली. तो आनंद अर्जाच्या नमुन्यात बसत नाही, म्हणून पुढे जाते.

३. त्याच आठवड्याच्या शेवटी माझ्या मातोश्री, सौ. वत्सला पुंडलिक तामोरे, व्यवसाय मासळी विक्री, या माझी विसरलेली उशी घेऊन फाटकावर आल्या. उशी मी विसरले नव्हते. मुद्दाम ठेवली होती. मातोश्रींनी खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, चादरीचा वास घेतला व नवसीला तिच्या आईचे नाव विचारले. एवढे होईपर्यंत एसटी गेली. वसतिगृहाच्या अधीक्षिका श्रीमती जमना मॅडम म्हणाल्या, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे, राहू द्या." मातोश्री चौथ्या पलंगावर निजल्या. तो एप्रिल महिना होता. आता मे अर्धा होत आला आहे.

४. नियमानुसार पाहुण्यास एका दिवसाची परवानगी मिळते. जमना मॅडम ती रोज नव्याने देतात. यामागील कारण असे की, दुसऱ्या दिवशी सकाळी मातोश्री बोईसर बाजारातून कोलंबी घेऊन आल्या व भोजनालयात शिरल्या. भोजनालयाचे आचारी श्री. कुशल तेव्हा दुधी चिरत होते. दुधी ते दररोज चिरतात. मातोश्रींनी त्यांच्या हातातून सुरी काढून घेतली आणि म्हणाल्या, "बस जरा. दमलास तू." श्री. कुशल खरेच बसले. त्या दुपारी कालवण झाले आणि नियमावली संपली. हिमानी घरून शाकाहारी आहे. तिने पहिल्या दिवशी नाक दाबले, नंतर केवळ रस्सा घेतला, आणि हल्ली बोंबील भाजताना मांजर येऊ नये म्हणून राखण करते. हे तिच्या घरी कळवू नये, ही वेगळी विनंती.

५. येथवर मी सहन केले. परंतु मातोश्री पुढे माझ्या कामाच्या जागी येऊ लागल्या. भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या, पर्यटक आनंदाने ओरडू लागले. मातोश्री छत्रीखाली बसून बराच वेळ बघत राहिल्या. "ह्याला लाट म्हनतान? बादलीत मासा उडला तरी याच्यापक्षी जास्ती पानी हालते," असे त्या मोठ्याने म्हणाल्या व शेजारचे वसईचे कुटुंब हसले. इतक्यात एक गृहस्थ लाल रेषेपुढे गेले. मी नियमाप्रमाणे शिट्टी वाजवली. त्यांनी मला हात हलवून दाखवला. मी पुन्हा वाजवली. त्यांनी फोटो काढला. तेव्हा मातोश्री उभ्या राहिल्या आणि बाजारात पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओ पिवल्या टोपीवाले! भाएर या! घरी कोनी वाट बघत नाय काय?" ते गृहस्थ तर बाहेर आलेच, त्यांच्यासोबत रेषेच्या आत असलेलेही बरेच जण घाबरून बाहेर आले.

६. आमचे पर्यवेक्षक श्री. धर्मेश सर यांनी हा प्रकार पाहिला. मला वाटले, आता मातोश्रींना समज देतील. त्यांनी मातोश्रींना उद्यानाचा निळा टी-शर्ट दिला, ज्याच्या पाठीवर "मदत हवी? मला विचारा" असे छापलेले आहे. मातोश्री तो लुगड्यावर घालतात. लोक विचारतात, त्या सांगतात. जेवून लगेच कोणत्या घसरगुंडीवर बसू नये, हरवलेले मूल कोणत्या दुकानापाशी रडत असेल आणि पापलेट ताजे कसे ओळखावे, हे सर्व. सोबत दिलेली शिट्टी मात्र मातोश्रींनी परत केली. "दात दुखतान," असे कारण दिले. श्री. धर्मेश सर मला म्हणाले, "हेतल, आईकडून जरा शिक." मी रोज रजिस्टरवर सही करून कामावर येते, त्या नाही. शिकायचे मी.

७. यापुढील बाब नाजूक आहे. पाण्यात तरंगण्याच्या ट्यूबा उचलण्याच्या कामावर श्री. रूपेश नावाचे कर्मचारी आहेत, रा. दातिवरे. ट्यूबांची खोली तलावाच्या उत्तरेला असूनही ते प्रत्येक फेरीला दक्षिणेकडून, म्हणजे माझ्या बाजूने, वळसा घालून जात. त्यांनी मला अद्याप काही म्हटले नव्हते. म्हणण्याच्या बेतात होते. मातोश्रींनी त्यांना एकदा जेवायला बसवले, गाव विचारले, आजोळ विचारले, आत्या कुठे दिली ते विचारले, आणि आमटीत भात कालवता कालवता निकाल दिला : "अरे, तू तं आपल्यातलाच! ही तुजी भैन लागते." त्या दिवसापासून श्री. रूपेश मला ताई म्हणतात व ट्यूबा सरळ रस्त्याने नेतात.

८. "आई, घरी कधी जाणार?" असे मी विचारले असता "जाते ना, उद्या" असे उत्तर मिळते. उद्या हे उत्तर कालही मिळाले होते. सबब विनंती करण्यात येते की, आपल्या स्तरावरून मातोश्रींना लेखी समज देऊन मुरबे येथे रवाना करावे.

९. महोदय, अर्ज येथे संपला होता. मी तो घेऊन उद्यान उघडण्यापूर्वी आपल्या कार्यालयाकडे निघाले असता 'अजगर' या मोठ्या घसरगुंडीच्या बाजूने किंकाळी ऐकू आली. सकाळी तेथे कर्मचारीच चाचणी घेतात, म्हणून कोणाला तरी लागले असे समजून मी औषधांची पेटी घेऊन धावले. नळीच्या तोंडातून दोघांची ट्यूब बाहेर फेकली गेली. पुढे नवसी, मागे लुगड्याचा काष्टा मारलेल्या मातोश्री. दोघी पाण्यात पडल्या. मातोश्री वर आल्या तेव्हा अंबाडा सुटला होता आणि त्या हसत होत्या. मी जन्मापासून त्यांचे ओरडणे ऐकले आहे, पण हा आवाज मला माहीत नव्हता. "नवसे, पुन्ना!" असे त्या म्हणाल्या आणि मग त्यांना मी दिसले. महोदय, त्यांचा चेहरा एकदम असा झाला, जसा घरी मी एकटी असताना कोणी डोकावले की माझा होतो.

१०. आम्ही घसरगुंडीच्या पायरीवर बसलो. मातोश्री पदर पिळत म्हणाल्या, "तू रडशील म्हनून आलते. तू काय रडली नाय." पुढे म्हणाल्या, "मंग म्हटलं, आता आलोच हाय तं एक दिस बघू. मी बापाच्या घरशी निगाले ती नवऱ्याच्या घरी. मधी काय नव्हतं. माजा एकटीचा पलंग कवाच नव्हता. पडदा लावला का कोनी हाक मारत नाय, तुना म्हाइती हाय?"

मला ते माहिती होते.

"तुना अडचन व्हत असंल तं जाते. आज जाते," त्या म्हणाल्या. 'आज' हा शब्द ऐकण्यासाठी मी महिनाभर थांबले होते. तो ऐकल्यावर मात्र अर्ज मी ओल्या हाताने घडी करून खिशात ठेवला. अक्षर काही ठिकाणी फुटले आहे ते त्यामुळे. मी म्हणाले, "आज नको. आज रविवार आहे, गर्दी असते."

११. त्याच रविवारी दुपारी माझे वडील श्री. पुंडलिक तामोरे चुलतभावाचा टेम्पो घेऊन मातोश्रींना न्यायला आले. तत्पूर्वी त्यांचे फोन येतच होते, परंतु ते मिरचीचा डबा कुठे आहे यासंबंधी असत. मी त्यांना माझ्या पासावर आत घेतले. "चल," ते मातोश्रींना म्हणाले. "सुटी संद्याकाली व्हते," मातोश्री म्हणाल्या व तलावाकडे वळल्या. वडील छत्रीखाली बसले. ऊन वाढले, तसा त्यांनी लेंगा वर दुमडून पाण्यात पाय घातला. मग थोडे पुढे गेले. भोंगा वाजला. आयुष्य होडीवर गेलेला माणूस, त्याला काय कळणार रेष? ते चालत चालत लाल रेषेपलीकडे गेले. मी शिट्टी तोंडात धरली, पण स्वतःच्या वडिलांवर ती वाजेना.

"ओ लेंगेवाले!" मातोश्री ओरडल्या. "लाल रेघ दिसत नाय काय? मागं या! आजून मागं!"

अख्खा तलाव वळून पाहू लागला. वडील उभे राहिले. मला वाटले, आता काही खरे नाही. ते गुपचूप मागे आले आणि गुडघाभर पाण्यात लहान मुलांमध्ये बसले. नंतर मला जवळ बोलावून हळूच विचारले, "ही हितं रोज असं बोलते?"

"रोज."

"ना लोकं ऐकतान?"

"ऐकतात."

"घरी पन असंच बोलते," ते विचार करत म्हणाले. "मीच कवा ऐकलं नाय." संध्याकाळी ते कालवणाचा डबा घेऊन एकटेच टेम्पोत बसले.

१२. कार्यालयाच्या भिंतीवर "खाडाखोड केलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही" असा फलक आहे. त्यामुळे वरील विषय खोडता येत नाही. तरी 'घरी पाठविण्याबाबत' येथे 'घरी न पाठविण्याबाबत' असे वाचावे, परिच्छेद आठ वाचूच नये, आणि पुढीलप्रमाणे आदेश व्हावेत.

(अ) मातोश्रींना हंगाम संपेपर्यंत रीतसर कामावर घेऊन चौथा पलंग त्यांच्या नावे करावा. जाहिरातीतील वयाची अट त्यांच्या आड येऊ नये. त्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे, जी आमच्या आळीत बहुतेकांची आहे. वर्षही तितपतच विश्वासार्ह आहे.

(आ) मला दुसऱ्या, म्हणजे ऑक्टोपस इमारतीत हलवावे. टाकीशेजारचा, गळका, कोणताही पलंग चालेल. पडदा असावा.

(इ) श्री. रूपेश यांना कार्यालयीन पत्राने कळवावे की, आमचे नाते तपासून पाहता ते फार लांबचे निघाले आहे.

१३. शेवटची बाब तातडीची आहे. जाताना वडील फाटकावरील सुरक्षारक्षकाशी बराच वेळ बोलत होते. आज त्या रक्षकाकडून समजले की, जूनमध्ये मासेमारी बंद झाल्यावर होडी किनाऱ्याला लागेल तेव्हा येथे पुरुषांना घेतात काय, आणि घेत असल्यास राहण्याची सोय कोणत्या इमारतीत आहे, अशी चौकशी वडिलांनी केली. कोरा अर्जही नेला. तो भरून आपल्याकडे आल्यास, महोदय, मी हात जोडून विनंती करते की त्यावर निर्णय घेण्याची घाई करू नये. निदान पावसाळा जाऊ द्यावा.

आपल्या होकाराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आपलीच हंगामी,
हेतल पुंडलिक तामोरे
(लाटांचा तलाव)

दिनांक : १२ मे २०२५

सोबत :
१. मातोश्रींच्या आधार कार्डाची प्रत.
२. ऑक्टोपस इमारतीतील मुलींचे ना-हरकत पत्र. (मातोश्रींनी तिकडेही जेवायला यावे, अशी त्यांची अट आहे.)
३. स्टीलचा डबा, एक. हा मातोश्रींनी आपणांसाठी परस्पर जोडला आहे, यात माझा काही संबंध नाही. डबा परत हवा आहे.