बेसमेंटमधलं पाणी

कोव्हेंट्री,
२४ जून २०२५

चि. गुरुदत्त यास, सुहासिनीताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कानात यंत्र घातलं तरी फोनवर मला आता नुसता खरखराट ऐकू येतो. माझ्यासाठी तू या वयात पुन्हा पेन हातात धरलंस, याचं फार बरं वाटतं. अक्षर मात्र अकोल्याच्या शाळेत होतं तितकंच गचाळ आहे.

इथे यंदा उन्हाळ्याने अगदी वात आणलाय. ही विटांची घरं थंडीसाठी बांधलेली. एकदा तापली की रात्रभर निवत नाहीत. खिडक्या वीतभर उघडतात, आणि माझी झोपायची खोली नेमकी छपराखाली. दुकानातले पंखे पहिल्याच दिवशी संपले. इंग्रज लोकांची तर गंमतच आहे. एरवी दारं लावून बसणारी माणसं भर दुपारी सगळी खिडक्या-दारं सताड उघडतात, बाहेरची झळ घरात घेतात आणि स्वतः बागेत पापडासारखी वाळत पडतात. मी सकाळीच पडदे ओढून खिडकीत ओल्या चादरी टांगते, तर शेजारची मार्गरेट घरात कुणी गेलं का म्हणून चौकशी करून गेली. मी तिला सांगितलं की मी अकोल्यात वाढलेली आहे, ऊन कसं सांभाळायचं ते मला ठाऊक आहे. चादरींनी खोली खरंच गार होते. हवा अगदी आपल्या वैशाखासारखी कोरडी आहे.

तुमच्या हॅमिल्टनलाही उकडतंय म्हणतोस. मग मागच्या फेरीत अकोल्याहून बॅगेत कोंबून नेलेल्या वाळ्याच्या ताट्या कधी बाहेर काढणार? तू इंजिनिअर, एक कूलर करणं तुला काय अवघड आहे? पद्मजाला म्हणावं, मालवणच्या माणसांनी उन्हाच्या बाबतीत वऱ्हाडाकडे शिकवणी लावावी. तिला माझे आशीर्वाद सांग. प्रकृतीला जप आणि ताईला विसरू नकोस.

तुझी,
ताई


हॅमिल्टन,
६ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा पाळली. कूलर तयार झाला. जुन्या कपाटाच्या फळ्यांचं खोकं केलं, मागे पंखा बसवला, एक लहान पंप लावला आणि तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. वरच्या बेडरूमच्या खिडकीत बसवलाय. सुरू केला तेव्हा जो वास आला, त्याने क्षणभर मी दहा वर्षांचा झालो. स्टील प्लँटच्या भट्टीपुढे उभं राहून ज्याने जन्म काढला, त्याला इथल्या तीस-पस्तीस डिग्रीचं काय कौतुक?

आमचं घर जुनं, रेडिएटरवालं. भिंतीत डक्ट नाहीत, म्हणून सगळ्या घराचा ए.सी. करायचा तर तोडफोड आली. पद्मजाचं मे महिन्यापासून एकच चाललंय की निदान बेडरूमच्या खिडकीत ए.सी. बसवा. मला तो घरघराट नको, आणि सवय लागली की माणूस कामातून जातो. टीव्हीवरची ती ह्युमिडेक्स नावाची भानगड तिला तोंडपाठ झाली आहे. हवा बत्तीस असली तरी फील्स लाइक बेचाळीस, असं ती मला दिवसातून दोनदा ऐकवते. मी म्हटलं, तापमान थर्मामीटरने मोजतात, फीलने नाही.

एक युक्ती तुला कळवायलाच हवी. इथे बेसमेंटला ओल येते, म्हणून खाली डीह्युमिडिफायर चालू ठेवावा लागतो. तो हवेतलं पाणी ओढून बादलीत साठवतो. रोज दोन बादल्या निघतात. इतकी वर्षं मी त्या मोरीत ओतत होतो. आता वर नेऊन कूलरमध्ये ओततो. नळाचा थेंब लागत नाही. बाबा असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

पद्मजा म्हणते की अंथरूण दमट लागतं आणि मिठाचा गोळा होतो. होईल तिला सवय. मी दिवसभर खाली माझ्या वर्कशॉपमध्ये असतो. तिथे तर संध्याकाळी स्वेटर चढवावा लागतो. ओल्या चादरींवर घसरून पडू नकोस. आशीर्वाद असू देत.

तुझा,
गुरू


हॅमिल्टन,
१४ जुलै २०२५

ती. वन्संस,
पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

मी वेगळं पत्र लिहिलेलं पाहून आपल्याला नवल वाटेल. आजवर यांच्याच पत्राखाली दोन ओळी लिहीत आले. या वेळी एक मागणं आहे.

यांनी कूलर केला तो आपल्याला कळलाच असेल. हौसेने केला, वासही छान येतो. पण वन्सं, ही हवा अकोल्याची नाही. इथे तळ्यावरून येणारी हवा मुळातच पाण्याने भरलेली असते. आमच्या मालवणची हवा आहे ही. त्या हवेत ओलं कापड टांगून कुणाला गार वाटत नाही. घाम अंगावर येतो तो तिथेच राहतो. हे खाली मशीन लावून हवेतलं पाणी काढतात आणि तेच वर आणून माझ्या खोलीच्या हवेत सोडतात. मी हे याच शब्दांत सांगून पाहिलं. ते म्हणाले, तू कधी थर्मोडायनॅमिक्स शिकलीस?

मला हृदयासाठी गोळ्या चालू आहेत, त्यात अंगातलं पाणी कमी करणारीही आहे. डॉक्टरांनी बजावलंय की उकाड्यात राहू नका. खाली जाऊन झोपावं तर बेसमेंटचा जिना उभा, माझे गुडघे गेलेले, आणि खाली वॉशरूम नाही. त्या गोळीमुळे मला रात्री चार वेळा उठावं लागतं. वरच्या खोलीत छाती भरून येते. खिडकीजवळ उभं राहावं तर खिडकीत कूलर.

शेवटी मी माझ्या पेन्शनमधून एक खिडकीतला ए.सी. मागवला. डिलिव्हरी आली तेव्हा मी ग्रोसरीला गेले होते. यांनी तो दारातूनच परत पाठवला. मला रात्री जेवताना सांगितलं, तेही सहज.

हे जगात फक्त आपलं ऐकतात. एक ओळ लिहा की बेडरूमला ए.सी. बसव. त्यांचा मान राहील आणि मला श्वास घेता येईल. मी लिहिलं हे मात्र यांना कळू देऊ नका. आपली माया आहेच, ती अशीच राहावी.

आपली,
पद्मजा


कोव्हेंट्री,
२५ जुलै २०२५

चि. गुरुदत्त यास, अनेक आशीर्वाद.

कूलरचं वर्णन वाचून डोळे भरून आले. बादलीची युक्ती तर मी इथल्या मराठी भिशीत सगळ्यांना सांगितली. बाबांचा मुलगा शोभतोस.

आता एक गुपित. तुझ्या बायकोचं मला पत्र आलंय, चांगलं तीन पानी. तुला सांगू नका असं लिहिलंय, पण भावापासून मी काय लपवणार? सोबत तेच पाठवते, वाच आणि फाडून टाक. मालवण विरुद्ध अकोला असा सामना लावलाय तिने. हसावं की काय करावं ते कळेना. तू उगाच तिच्यावर चिडू नकोस. बायकांना या वयात एकेक वाटत असतं, मलाही वाटायचं. तिला दुपारी पन्हं दे, ताक दे, कांदा जवळ ठेवायला सांग. ए.सी.च्या गार झोताने तिचे सांधे आणखी धरतील, एवढं तिला माझ्या नावाने समजाव.

इथे चार दिवस पाऊस पडला आणि परत तापलंय. माझ्या चादरी चालूच आहेत. दोघं एकमेकांना सांभाळा आणि मला वरचेवर लिहीत जा.

तुझी,
ताई


हॅमिल्टन,
१९ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पद्मजा गेल्या आठवड्यात बेडरूममध्ये पडली. आता धोका नाही, हे आधी लिहितो.

त्या दिवशी हवा फार कुंद होती. मी खाली कूलरसाठी दुसरा पंखा जोडत होतो. डीह्युमिडिफायरच्या आवाजात वरचं काही ऐकू येत नाही. चहाची वेळ टळून गेली तरी चहाची हाक आली नाही, म्हणून बघायला वर गेलो. ती पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं. मला ओळखलं नाही. मालवणीत आपल्या आईशी बोलत होती. मी अॅम्ब्युलन्स बोलावली. ते लोक आले, त्यांतल्या मुलीने पहिल्यांदा भिंतीला हात लावला, भिंत ओली होती. मग काही न विचारता तिने कूलरची वायर ओढली.

हॉस्पिटलमध्ये हीट स्ट्रोक असं लिहिलं. पण त्या गोळ्यांचाही त्यात हात आहे असं डॉक्टर स्वतः म्हणाले, हे लक्षात घे. माणूस शहात्तर वर्षांचा झाला की निमित्त लागतं. वरच्या खोलीची हवा मी मोजली नव्हती हे खरं. त्याची गरज वाटली नाही.

गौरांगी मॉन्ट्रियलहून आली. पोटची मुलगी. कूलर तिने एकटीने जिन्यावरून खाली ओढला आणि ड्राइव्हवेवर नेऊन टाकला. ताट्या फाटल्या. कुणाच्या हातच्या कामाची अशी नासधूस करू नये, एवढं मी बोललो, तर वॉज इट वर्थ इट, डॅड, एवढंच विचारून आईची बॅग भरायला गेली. डिस्चार्ज मिळाल्यावर पद्मजाला ती आपल्याकडे घेऊन गेली. आठ-पंधरा दिवसांत येईल असं मी धरून चाललोय.

बेडरूमला मी ए.सी. बसवून घेतला आहे. चांगला मोठा घेतला. खोली इतकी गार होते की मला दुलई घ्यावी लागते. हे तिला फोनवर सांगितलं, तर बरं म्हणाली. कधी येतेस विचारलं, तर गौरांगीने फोन घेतला. सकाळी टोस्ट खातो, रात्रीही तेच. घर खायला उठतं. तू तिला पत्र लिही. तुझा ती मान ठेवते. आता सगळं तिच्या मनासारखं झालंय, हे तिला पटवून दे.

तुझा,
गुरू


मॉन्ट्रियल,
१५ सप्टेंबर २०२५

ती. सुहासिनीताईंस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. मी आता हिंडते-फिरते आहे. हात अजून थरथरतो, तेव्हा अक्षराकडे दुर्लक्ष करावं.

आपण लिहिलंत की तुमचा भाऊ टोस्टवर राहतो, हॅमिल्टनच्या मंडळात लोक विचारायला लागलेत, आणि या वयात नवरा-बायकोने एकमेकांना धरून राहायचं असतं. हेही लिहिलंत की ओल्या हवेने असं होईल हे कुणाला माहीत होतं. मला माहीत होतं, ताई. मी त्यांना सांगितलं होतं. आपल्यालाही लिहून कळवलं होतं.

माझं ते पत्र आपण परत त्यांच्याच हाती दिलंत. त्यांनी ते फाडलं नाही. जेवणाच्या टेबलावर मला मोठ्याने वाचून दाखवलं. मालवणच्या हवेची ओळ दोनदा वाचली आणि हसले. मग आपलं पत्र वाचलं, कांद्यापर्यंत. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, भावा-बहिणीची थट्टा होती, हे मला कळत होतं. मी ताटं उचलली. त्यानंतर मी ए.सी.चं नाव काढलं नाही. ऑगस्टमध्ये श्वास लागायचा तेव्हाही काढलं नाही. त्यांना वाटलं मला सवय झाली. तसं त्यांनी आपल्याला अभिमानाने लिहिलंही असेल.

गौरांगीचा कॉन्डो लहान आहे. मला एक खोली दिली आहे, तिला पूर्वेची खिडकी आहे. उकाडा इथेही असतो. पण खिडकी उघडायची की लावायची हे माझं मी ठरवते. फार्मसीतली बाई फ्रेंचच बोलते. मी बोंजूर आणि मेर्सीवर निभावते, बाकी गोळ्यांच्या डब्या दाखवते. गौरांगी सकाळी कामावर जाताना माझ्या दारातून डोकावते आणि यू ओके, आई, असं विचारते. उत्तर ऐकूनच पुढे जाते. मला याची सवय नव्हती. पहिले काही दिवस रडू यायचं.

आता सगळं माझ्या मनासारखं झालंय, असं आपण लिहिता. उभी होते तेव्हा मी एक वस्तू मागितली होती, तीही माझ्या पैशांनी. आडवी झाले तेव्हा ती घरात आली. तुमच्या भावाने मला मारायचं ठरवलं नव्हतं, हे मी जाणते. ते फक्त खाली होते आणि मी वर होते, आणि वर कसं वाटतं हे विचारायला यावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. ती चहाची वेळ नसती तर अजून किती वेळाने वर आले असते, याचा हिशेब मी करायचा सोडून दिलाय.

मी हॅमिल्टनला परत जाणार नाही. माझे हिवाळी कपडे आणि आईचा फोटो गौरांगी जाऊन घेऊन येईल. राग गेला की येईल, असं त्यांनी तिला सांगितलंय म्हणे. त्यांना आपणच लिहून कळवा की राग नाही. राग असता तर भांडायला तरी परत आले असते.

आपण तब्येतीला जपा.

पद्मजा