काठाचा चेंडू

३ मार्च, सोमवार

हरले. तेही त्या किडकिड्या पोरीकडून! टेबल टेनिसच्या बॅटचं रबर गुळगुळीत झालंय, शिवाय त्या टेबलावर खिडकीतला उजेड थेट डोळ्यांत येतो. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मागच्या वेळी गुडघ्याचं कारण होतं ना?"

आमच्या धाकट्या जाऊबाई मात्र जिंकल्या. अर्थात!

५ मार्च, बुधवार

आज धाकटी हरली. इथे खोटं कुणाशी बोलू – जिवाला गार वाटलं. पण ते सुख पाच मिनिटंही टिकलं नाही. जिच्याकडून हरली तिलाच जाऊन विचारते, "माझी सर्व्हिस तुम्हाला आधीच कळत होती का हो?" मग कोपऱ्यात बसून निळ्या वहीत काहीतरी खरडलं. मग उंच खुर्चीवर चढली, कारण आमच्या हॉलचा नियमच आहे – हरलेल्यानं पुढच्या मॅचला अंपायर व्हायचं. मी त्या खुर्चीवर नेहमी तोंड पाडून बसते. ही एकही गुण न चुकवता खणखणीत आवाजात मोजत होती. आमचे कोच, सर, सगळ्यांदेखत म्हणाले, "हिच्यासारखं हरायला शिका."

जिंकण्याचा हेवा वाटला तर समजू शकते. आता हरण्याचाही? दोन वर्षांपूर्वी हिला बॅट कशी धरतात तेही ठाऊक नव्हतं. मीच हाताला धरून हॉलवर नेलं. तिचा तो बॅकहँड मी शिकवलेला आहे! सोळा वर्षं खेळतेय मी, आणि सासूबाई म्हणतात, "धाकटीनं मनावर घेतलं की करून दाखवते हो." आणि थोरली काय माशा मारते?

८ मार्च, शनिवार

लिहू की नको असं दुपारपासून चाललंय. लिहिते.

स्पर्धेला हॉलतर्फे चौघी जाणार. तिघी ठरलेल्या, चौथी जागा माझी नाहीतर धाकटीची. आज दोघींची वेगवेगळ्या खेळाडूंशी एकेक शेवटची मॅच. मी जिंकले असते तर विषयच संपत होता. हरले. लगेच त्याच टेबलावर तिची मॅच, बँकवालीशी. जिंकली तर जागा तिची, हरली तर माझी. आणि अंपायर मी! सर हळूच म्हणाले, "नको असेल तर दुसरं कुणी बसवतो." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." केवढा तो रुबाब!

शेवटचा गेम, अकरा गुणांचा. ती दहा, बँकवाली नऊ. धाकटीनं तिरका मारला. चेंडू माझ्या बाजूच्या काठाला घासून खाली गेला. काठाला लागला म्हणजे गुण तिचा, मॅच तिची. डोक्यावर पंखा घरघरत होता, आवाज कुणाला येणार? बँकवालीनं खांदे उडवले.

मी म्हटलं, "आउट."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली वाकून चेंडू उचलला. दहा-दहा. पुढचे दोन्ही गुण गेले.

९ मार्च, रविवार

त्या चेंडूबद्दल धाकटी काहीच बोलत नाही. सकाळी नेहमीसारखा माझा चहा झाकून ठेवला होता. भांडली असती तर बरं झालं असतं! मी चार सुनावले असते, तिनं चार सुनावले असते.

सर यादी बुधवारी पाठवणार आहेत. चौथं नाव माझं. आनंद व्हायला हवा ना?

११ मार्च, मंगळवार

आमच्या चष्म्याच्या दुकानात एक आजोबा डोळे तपासायला आले. खालची ओळ दिसेना, पण गडी हार मानेना, अंदाजानं अक्षरं ठोकत होते. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "आजोबा, दिसतंय तेवढंच सांगा." म्हटलं आणि मीच तक्त्यावरून नजर काढली.

संध्याकाळी धाकटीचा हॉलवरून फोन. "ताई, माझी वही घरी राहिली. येताना आणाल का? फ्रिजवर आहे." आणली. पण निघताना घराच्या जिन्यातच थांबून उघडली. मला माझं नाव कुठे आणि कसं लिहिलंय ते बघायचं होतं. शिव्या असत्या तर हिशेब फिटल्यासारखं वाटलं असतं.

पहिल्याच पानावर, दोन वर्षांपूर्वीची तारीख – "ताई म्हणाल्या, हरलं की कारण शोधायचं नाही, चूक शोधायची." असं मी म्हणाले होते? मी?

शनिवारचं पान – "दहा-आठ असताना घाई केली. चेंडू काठावर जाईल अशी वेळ येऊ द्यायला नको होती. दहा-दहानंतर पाय हललेच नाहीत. चूक माझी."

आणि खाली बारीक अक्षरांत – "ताई नुकत्याच हरून खुर्चीवर बसल्या होत्या. डोळे भरले असणार. चेंडू दिसला नसेल त्यांना."

जिन्यात किती वेळ बसले कोण जाणे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का?"

वही दिली तिला. "उशीर झाला," एवढंच म्हणाले.

१२ मार्च, बुधवार

मला स्वच्छ दिसलं होतं. सकाळी सातला हॉलवर जाऊन सरांना हेच सांगितलं, ती शेजारी उभी असताना. चौथी जागा तिची. सरांनी मला पुन्हा कधी खुर्चीवर बसवणार नाही म्हणून सांगितलंय. आणि ती तेव्हापासून माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही. घरी परतले तर चहाही झाकलेला नव्हता.