केसांचं सांगितलं

सिल्वासा, ८ डिसेंबर १९६६

दुपारी आईला घेऊन मुंबईहून परतलो. तिच्या मेंदूत गाठ आहे, क्वचितच आढळणारी. लवकर ऑपरेशन केलं नाही तर दृष्टी जाईल, म्हणाले डॉक्टर. त्यासाठी डोक्यावरचे सगळे केस काढावे लागतील.

हे आईला कसं सांगायचं? बाबांच्या दहाव्याला काकांनी तिच्या केशवपनाचा हट्ट धरला, तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी आवाज चढवला होता. तिच्या केसांना कोणी हात लावायचा नाही, म्हणालो होतो. आणि आता मीच...

संध्याकाळी ती केस विंचरत बसली, तेव्हा सांगून टाकलं.

"न्हावी येणार?"

"नाही गं. हॉस्पिटलातली नर्स."

"मग काढू दे. काकांना मात्र कळवू नकोस. म्हणतील, शेवटी माझंच खरं झालं."

दोघंही हसलो. तिला वाटलं, एवढंच सांगायचं होतं. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. तेही सांगणार होतो. तेवढ्यात तिने विचारलं, "पुन्हा वाढतील ना रे?"

वाढतील म्हणालो.