उद्या दहाच्या आत

दौंड स्टेशन,
सोमवार, ६ ऑक्टोबर २००३, दुपार

प्रिय म्हाळू,

माझं पत्र बघून तुला वाटंल, ह्यात कायतरी खोड हाय, उघडलं की अंगावर खाजकुयली उडंल. काय बी उडणार न्हाई. चार वर्सं एका खोलीत राहिलो, पण तुला कधी चिठ्ठी लिहायची पाळी आली न्हाई. नववीत शाळा सोडली तवापासून गेटवरच्या सहीशिवाय मी काय लिहिलंय? तवा अक्षर लागंल तसं वाच. आधी मुद्द्याचं सांगतो. उद्या मंगळवारी सकाळी दहाच्या आत तू दौंडला पाहिजेस, भिमाजीमामा कामाला हायेत त्या हायस्कुलात, शिपायाच्या मुलाखतीला. तू म्हणशील, आता कशाला? तेच सांगायला बसलोय, पण सरळ सांगता येईना, म्हणून मागून सुरू करतो.

आज माझ्या सुट्टीचा पहिला दिवस. दोन वर्सं ह्या सुट्टीपायी तुझं डोकं खाल्लं मी. शिक्रापूरच्या कंपनीत पत्र्याखाली घाम पुसत रोज तेच. एकट्यानं जायचं, कुणाला बरोबर घ्यायचं न्हाई, विजापूरचा घुमट बघायचा. तिथं वर जाऊन एकदा बोललं की सात वेळा ऐकू येतं म्हंत्यात. आपल्या फोरमनचं नाव घेऊन काय वरडायचं ते बी ठरलं व्हतं, आन् तू म्हणायचास, सातव्या वेळेला त्याला शिक्रापुरात ऐकू जाईल आन् तुला घरी बसवणारा ब्रेक मिळंल. शनिवारी खांडेनवमीची मशिनींची पूजा झाली, कंपनी गुरुवारपातूर बंद. काल शिरूरला घरी दसरा केला, आप्पांना सोनं दिलं. आज सकाळी दौंडच्या गाडीत खिडकी धरली. बाजरीची कणसं खुडून झालेली, ऊन कसं पिवळंधमक, अशा दिवसाची मी वाट बघत व्हतो. न्हावरा सोडल्यावर तुमचा फाटा आला. दोन बाया उतरल्या, एक माणूस बोकड घेऊन चढला, त्याची आन् कंडक्टरची बोकडाच्या तिकिटावरून जुंपली. सगळी गाडी हसत व्हती. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसलो. पट्टा लागलेलाच व्हता. तू तिथं उभा असलास तर दिसू नयेस, म्हणून वाकलो.

दौंडला उतरून विजापूरच्या वाटंवरचं सोलापूरचं तिकीट काढलं. गाडीला वेळ व्हता म्हणून भायेर चहाच्या गाड्यावर गेलो, तर तिथं भिमाजीमामा, तुझे. आपल्या खोलीवर आले व्हते तवा मी त्यांच्या चपला शेजारच्या बिहारी पोरांच्या दारात नेऊन ठेवल्या, आन् मामा तासभर अनवाणी हिंडले, ते अजून ध्यानात ठेवलंय त्यांनी. पहिल्यांदा स्वतःच्या पायाकडं बघितलं आन् मग मला चहा सांगितला. म्हणले, तुझा दोस्त मोठा झाला की रं. काल दसऱ्याला आला, पाया पडला, म्हणला मामा, ती शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला द्या, मी कंपनीत पर्मनंट झालो. सांगताना हसत व्हते. मग कप तसाच हातात धरून बसले. म्हणले, दोन वर्सं हेडमास्तरांच्या मागं लागून नाव घातलं व्हतं मी, एकच जागा हाय, पण जाऊ दे, पोराचं भलं झालं ना. उद्या दहाला मुलाखती हायेत, सकाळी गेलो की नाव काढाया सांगतो, यादीत खालचा पोरगा वाटच बघतोय. मी म्हणलो, मामा, दहापर्यंत काढू नका. म्हणले, का रं? म्हणलो, असंच. असंच म्हंजी काय? म्हणले, आन् बघत राहिले माझ्याकडं. चहा अर्धा टाकून मी प्लॅटफॉर्मवर आलो. सोलापूरची गाडी आली, थांबली, डब्यात खिडकीची जागा रिकामी दिसत व्हती. मी बाकावरून उठलो न्हाई. गाडी निघून गेली आन् समोरच्या रुळावर एक कुत्रं पाणी पीत राहिलं, त्याच्याकडं बघत बसलो.

तुझ्याबरोबर मी काय काय केलं त्याचा हिशेब आज डोक्यात चाललाय. तुझ्या हेल्मेटाला मागून 'भाड्याने देणे आहे' असा कागद चिकटवला, तू सगळी शिफ्ट तसाच फिरलास. सुटताना कळलं तवा एवढंच म्हणलास, मग दिवसभरात एक बी गिऱ्हाईक कसं आलं न्हाई रं भैऱ्या? तुझ्या ताकात मूठभर मीठ घातलं, तू पिऊन टाकलंस, म्हणलास, उन्हात मीठ बरं असतं. तू असा, म्हणून मी माजलो. एकदा कानाखाली द्यायला पाहिजे व्हतीस. सात महिने भरले की ब्रेक, मग घरी बसायचं, मग नव्यानं अर्ज करून परत हेल्पर. तुला असे सहा ब्रेक झाले. दर खेपेला पेटी भरताना सांगायचास, माझी गादी तेवढी उन्हात टाकत जा. मी एकदा बी टाकली न्हाई. तू परत आलास की ती कुबट वास मारायची आन् तू म्हणायचास, खोलीला ओल फार हाय.

गाडी गेल्यावर मी फोन केला. तुमच्या वाडीतल्या डेअरीवर. पहिल्या दोन वेळा लावून ठिवून दिला. तिसऱ्या खेपेला डेअरीवाल्यानं कुणाला तरी पळवलं आन् तुझी आई आली, धापा टाकत. म्हणलो, अंजनामावशी, म्हाळूला बोलवा. म्हणली, झोपलाय रं बाबा. मोठा झाल्यापासून दिवसा झोपलेला मी बघितला न्हाई त्याला, आज जेवला आन् जागेवरच कलंडला. काल आख्ख्या वाडीनं त्याला सोनं दिलं, सरपंच घरी येऊन गेला. उठवू का? मी न्हाई म्हणलो. खरं तर तवाच उठवायला पाहिजे व्हतं. मी म्हणलो, झोपू द्या, पण चारच्या गाडीला त्याला फाट्यावर उभा करा, कंडक्टरकडं एक पाकीट येतंय. ती म्हणली, कंपनीचं का? म्हाळू, मी हो म्हणलो न्हाई. न्हाई बी म्हणलो न्हाई. ती म्हणली, मग त्याला आंघोळ करूनच पाठवते. आता तू ज्या कपड्यात फाट्यावर उभा असशील ते तिनं कशासाठी घालायला लावले, ते तुला कळलं असंल.

शनिवारचं तुझ्या डोळ्यासमोर असंल. नारळ फुटले, मशिनींना झेंडूच्या माळा पडल्या, सगळी जनता पेढ्याच्या लायनीत. मी तुला म्हणलो, बोर्डावर कायतरी कागद लागलाय बघ. तू गेलास. मी लायनीतून बघत व्हतो. मला वाटलं तू वरडशील, नाचशील, मग मी येऊन पाठीत धपाटा घालीन आन् दोघं हसू. तू वरडला न्हाईस. तो कागद बोट लावून दोनदा वाचलास. मग सरळ तुझ्या प्रेस मशिनीकडं गेलास, तिच्या पायाशी कुंकू पडलं व्हतं तिथं हात लावलास आन् नळावर जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिलास. मी तवर कागद काढून खिशात घातला. तू आलास, डोळे लाल, म्हणलास, कुणाला सांगू नको, नजर लागंल. चौकात मला मिसळ चारलीस. म्हणलास, आता मी आत हाय, तुझं बी बोलतो मी साहेबाशी, तू तेवढा वात्रटपणा कमी कर. मी तोंड उघडलं व्हतं, खरंच उघडलं व्हतं. तेवढ्यात तुमच्या वाडीचा टेंपो आला आन् तू मागं चढून हात हलवत गेलास.

तो कागद माझा व्हता. टाईम ऑफिसच्या कचऱ्यात गेल्या सालची पर्मनंटची यादी सापडली, तिचं वरचं कंपनीचं नाव आन् खालचा सही-शिक्का ठिवला, मधी चौकातल्या डीटीपीवाल्याकडून सहा नावं टाईप करून चिकटवली आन् झेरॉक्स काढून ती बोर्डावर लावली. पाच मनानं घातली, सहावं तुझं. कुणी पर्मनंट झालेलं न्हाई, म्हाळू. हे तोंडानं सांगायला आलो असतो तर तू हसला असतास, म्हणला असतास, भैऱ्या आता पुरे. माझ्या तोंडाचं खरं मानायची सवय मीच तुला राहू दिली न्हाई, म्हणून लिहिलं, आन् चिकटवाचिकटवीचा मूळ कागद माझ्या पिशवीत राहिला व्हता, तो ह्याच पाकिटात घातलाय, नखानं पट्ट्या उचकटून बघ. मी ह्याच गाडीनं आलोय. तू हे वाचतोयस तवा तुझ्या मागं, टपरीच्या पलीकडं उभा हाय. काय करायचं ते कर, मी हात वर करणार न्हाई, आन् मावशीला मी सांगतो, माझ्या तोंडानं, तुझ्यासमोर. पण साडेपाचची दौंड गाडी चुकवू नको. मामांकडं रात्री राहा, त्यांना अजून ठावं न्हाई, तेवढं मात्र तुला सांगावं लागंल. सुट्टीसाठी घेतलेला नवा शर्ट माझ्या पिशवीत हाय, तो मुलाखतीला घाल, घडी मोडलेली न्हाई. बाह्या तुला जरा आखूड होतील, दुमडून घे.

तुझाच,
भैऱ्या