चरबी कुणाची

आबा, तुमचं एकच पालुपद, "लई चरबी चढली रे तुला." उलट बोललो की चरबी, शाळा सोडली की चरबी. आता ऐका. चरबी चढलीच हाय, पण मला न्हाई, तुमच्या लाडक्या धाकटीला. तीही रक्तात, पंधराव्या वर्षी, अंगावर मांस नसलेल्या पोरीच्या.

टाचेमागं गाठ आली म्हणून आईनं तिला बीडला न्यायचं ठरवलं. मीही मोरबीच्या टाइल कारखान्यातून सुट्टी टाकून गेलतो. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "हिच्या वडिलांना होती का अशी गाठ?" मला तुमच्या टाचेवरची गाठ दिसली, पाटोद्याच्या दुकानात पोतं उचलताना चपलेबाहेर आलेली. चप्पल चावती म्हणायचात आणि गूळ-चुना लावायचात. छातीत कळ येऊन गेलात तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

घरी आल्यावर काकानं आईलाच धरलं. "बारकी जन्मली म्हणून तूप चारून चारून पोरगी नासवली तू." तूप कोण आणायचं, आबा? आई पोटुशी असताना "अर्धीच भाकर खा, लेकरू मोठं झालं की अडतं" असं कोण म्हणायचं? पोरगी दोन किलोचीही भरली नाही, तेव्हा तुम्हीच घाबरून डबे भरभरून तूप आणलंत. डॉक्टर म्हणाले, जन्माचं वजन कमी असलं तर त्याचाही थोडा हात असू शकतो, पण एवढी चरबी नुसत्या खाण्याची नव्हे, बापाच्या रक्तातून आलेली. रोज गोळी, बहुतेक जन्मभर.

काका म्हणाला, "गोळी चालू केली की गावभर होईल. कोण करून घेईल हिला?"

मी म्हणलं, "आबा बिनगोळीचेच गेले. आई भर तारुण्यात विधवा झाली, ते बघताय ना?"

"लई चरबी आली तुला." अगदी तुमचाच आवाज.

"असंल. ह्याच घरची हाय."

त्याच्यासमोर धाकटीला पाण्याचा तांब्या दिला. तिनं गोळी गिळली आणि हसली, "दादा, माझी तर उतरंल. तुझी कोण उतरवणार?"

पोरगी बरोबर बोलली. भावानंही तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. मी "बघू" म्हणलं आणि परत येताना दवाखान्यात न जाता बीडच्या स्टँडवरून सरळ मोरबीची गाडी धरली. इथं रोज आंघोळीला बसलो की टाच चाचपतो. भ्या वाटतं, आबा. हे आईला सांगता येत नाही, म्हणून ज्याला पत्ता नाही त्याला लिहितोय.

काका काय म्हणायचं ते म्हणू दे. गोळ्या थांबणार नाहीत. आईला अठराशे पाठवतोय.